सुजाताची टेप

मी आजवर पुष्कळ पत्रकं लिहिली. नळासाठी लिहिली, रेशनच्या किडक्या ज्वारीसाठी लिहिली, भाववाढीवर लिहिली, आणि कॉम्प्युटरच्या विरुद्ध तर हात दुखेस्तोवर लिहिली. त्यांतल्या एकातही सुजाता रामटेकेचं नाव नाही. पत्रकात माणसाचं नाव दोनच कारणांनी येतं. एक तर त्याच्या नावानं ठणाणा करायचा असतो, नाही तर त्याच्यामागे चार माणसं उभी करायची असतात. सुजाता या दोन्हींत कुठे बसेना. म्हणून हे पत्रक नाही.

जरीपटक्याचा बाजार संपतो तिथून पुढे आमची वस्ती लागते. तिच्यातली आमची गल्ली म्हणजे एका टोकाला गुलाबरावची पिठाची चक्की, दुसऱ्या टोकाला मी, आणि मध्ये बाकी सगळे. चक्कीला लागून सार्वजनिक नळ. सुजाताचं घर चक्कीपासून जवळच. घरात माणसं दोन. ती आणि तिचे वडील रामाजीबाबा. आई ती शाळेत असतानाच गेली होती. बाबा कापडाच्या गिरणीतून निवृत्त झालेले. गिरणीत आयुष्य काढून, अर्धे बहिरे होऊन ते घरी आले आणि पेटी घेऊन गाऊ लागले. गळा मात्र गोड होता, हे मान्य केलं पाहिजे. निवृत्तीच्या वेळी त्यांनी एक टेपरेकॉर्डर घेतला होता, आणि जन्मात स्वतःसाठी घेतलेली ती एकच चैनीची वस्तू, असं ते अभिमानानं सांगत.

सुजाता माझ्याच शाळेतली, एक वर्ग मागे. बी.एस्सी. झाली, मग कॉम्प्युटरचा एक डिप्लोमा केला, आणि गांधीबागेतल्या ठोक कापडवाल्यांचे हिशेब कॉम्प्युटरवर करून देणाऱ्या एका खासगी कचेरीत लागली. मालक तिला ‘ज्युनिअर प्रोग्रामर’ म्हणे आणि चहा मागवायचा झाला की तिच्याकडेच बघे. चहा तिनं एकदाही आणला नाही. पण त्याबद्दल भांडलीही नाही. मालक बघत राही, ती पडद्याकडे बघत राही, आणि शेवटी मालक स्वतःच दारात जाऊन टपरीवाल्याला हाक मारी. मी यावर पत्रक काढू म्हणालो. ती म्हणाली, “कायले? चहा तं येऊन राहिला ना.”

आमची खरी ओळख पत्रकावरूनच झाली. सरकारी कचेऱ्यांत कॉम्प्युटर येणार म्हणून आमच्या युवक मंडळानं गुलाबी कागदावर पत्रक काढलं होतं. ‘यंत्र आत, माणूस बाहेर’ असं वर ठळक अक्षरात. मी ते घरोघर वाटत होतो. सुजातानं दारात उभं राहून पूर्ण वाचलं. आमची पत्रकं पूर्ण वाचणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं, त्यामुळे जरा अवघडलोच.

“कॉम्प्युटर पाह्यला काय गा तू?” तिनं विचारलं.

“पाहायची गरज नाही. अन्याय ओळखायला...”

“नाई पाह्यला म्हण ना सरळ. ये आत.”

आत टीव्हीसमोर पाटावर एक काळी वस्तू होती. शाळेच्या पाटीएवढी, वर रबरी बटणं. मस्कतला असलेल्या मामानं तिला आणून दिलेला घरगुती कॉम्प्युटर. शत्रू एवढासा असेल असं मला वाटलं नव्हतं. तिनं एक खेळ चालू केला. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर चौकोनांची एक बस आली, थांब्यावर थांबली असं वाटलं आणि निघून गेली.

“ही कामठीची बस हाये. थांबत नाई. बटण दाबून चढाचं.”

मी दाबलं. पडलो. पुन्हा दाबलं. पुन्हा पडलो. पडद्यावर मराठीत अक्षरं उमटली: ‘कंडक्टरनं ढकललं.’

ती अक्षरं तिनंच बनवली होती. मशीनला इंग्रजीच येत होती. एकेक अक्षर तिनं बारीक चौकोन काळे-पांढरे करून रचलं होतं, आणि वेलांटीला जागा पुरेना म्हणून एका अक्षराला दोन घरं दिली होती. कशासाठी, असं मी विचारलं. “गिरजाबाईले वाचता यावं म्हणून,” ती म्हणाली. गिरजाबाई म्हणजे शेजारची म्हातारी. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात नुकती अक्षरं शिकलेली. गांधीबागेतल्या एकाही व्यापाऱ्यासाठी तिनं हे केलं नव्हतं, कारण त्यांनी मागितलं नव्हतं. गिरजाबाईनंही मागितलं नव्हतं म्हणा.

निघताना मी पत्रकांचा छोटा गठ्ठा त्यांच्याकडे ठेवला, शेजारी वाटा म्हणून. बाबांनी कागद दोन बोटांत चोळून पाहिला. “कागद मजबूत हाये,” म्हणाले, आणि गठ्ठा पेटीच्या खोक्यात नीट ठेवून दिला. तिथून तो कधीच वाटला गेला नाही. सुजाता माझ्यामागे दारापर्यंत आली आणि म्हणाली, “लिहिलं म्हणजे झालं नाई गा. चाललं पायजे.”

हे तिचं नेहमीचं वाक्य. स्वतःच्या कामाबद्दलही ती हेच म्हणे. त्यामुळे मला रागावताही येईना.

तिच्या कामाची रीत सांगितली पाहिजे. मशीनपुढे ती शेवटी बसे. आधी भुईवर. संध्याकाळी ती फरशीवर खडूनं चौकटी आखी आणि त्यांत चिंचोके सरकवी. एक चिंचोका म्हणजे एक घर, किंवा एक बस, किंवा एक अक्षराचा ठिपका. ‘असं झालं तर इकडे, नाही तर तिकडे’ असं पुटपुटत ती चिंचोके हलवी. गिरजाबाई दारातून ओरडे, “माय वं, पंधरावी शिकली अन् चिंचोके खेळून राहिली! तुह्यं लगन कसं होईन?” सुजाता वर न बघता म्हणे, “या ना मावशी, एक डाव तुम्ही घ्या.” भुईवर चालेना ते मशीनवर चालत नाही, असा तिचा नियम. चाललं की मशीनवर चढवायचं आणि फरशी ओल्या फडक्यानं पुसून टाकायची. कागदावर ती काही ठेवत नसे. “कागदावर सगळंच बरोबर दिसते,” म्हणे.

आता टेपची गोष्ट. त्या मशीनला स्मरण फक्त वीज असेपर्यंत. वीज गेली की सगळं पुसलं. म्हणून लिहिलेला प्रोग्राम साध्या गाण्याच्या कॅसेटवर उतरवून ठेवायचा. बाबांचाच टेपरेकॉर्डर मशीनला जोडायचा, आणि मशीन आपलं सगळं ज्ञान कर्रर्र-चींईंई अशा आवाजात कॅसेटला सांगायचं; तो आवाज वायरीतूनच जाई, घरात कोणाला ऐकू येत नसे. ते चालू असताना विजेचा दाब जरा खाली आला की संपलं. आणि आमच्या गल्लीत दाब खाली आणणारी मोठी वस्तू होती गुलाबरावची चक्की. तिची मोटर सुरू झाली की सगळ्या गल्लीचे दिवे डोळे मिटून पुन्हा उघडायचे.

पहिल्या काही वेळा सुजाता चक्कीवर जाऊन विनवून आली. मग एक दिवस तिनं दारातूनच हाक दिली, “टेप लागली!” गुलाबराव हात खटक्यावर ठेवून तसाच थांबला. त्या दिवसापासून ती रीतच पडली. ‘टेप लागली’ म्हटलं की चक्की थांबे, कूलरवाले कूलर लावत नसत, धनराज रेडिओसुद्धा बंद करी, ज्याची काही गरज नव्हती. धनराज कामठीला पॉवरलूमवर रात्रपाळी करायचा. गल्लीत शांतता मिळाली तर त्याला हवीच होती. दळण घेऊन बसलेल्या बाया कुरकुरत, “झाली का वं टेप?” आणि सुजाता आतून ओरडे, “झाली, झाली! दळा आता!” मग मोटर धडधडे. काय उतरवतात हे गल्लीतल्या कोणालाही ठाऊक नव्हतं. पण थांबत सगळे. आमच्या सभेला ही गल्ली कधी इतक्या शिस्तीत थांबली नव्हती, हेही नोंदवून ठेवतो.

आणि मग आला उन्हाळा.

नागपूरचा उन्हाळा मी वर्णन करणार नाही. नळाचं वर्णन करतो. सकाळी नळ यायचा थोडा वेळ, त्यात गल्लीभरची घरं. जागा धरण्यासाठी रात्रीपासून रांगेत विटा, फुटके डबे, तुटक्या चपला ठेवलेल्या. पहाटे कोणाची तरी वीट कोणी तरी सरकवलेली असायची, आणि मग जे व्हायचं ते शेजारच्या वस्तीतून ऐकायला माणसं येत. दुसरा नळ मंजूर झाल्याचं नगरसेवक दर सभेत सांगे. पाइपही आणून टाकला होता. त्यात कुत्री झोपत. मी त्यावर पत्रकं काढली, मोर्चा काढला, निवेदन दिलं.

सुजातानं प्रोग्राम काढला.

गल्लीतली घरं, घरातली माणसं, आणि रोज बदलणारी पाळी. आज जो पहिला तो उद्या शेवटचा, ज्याच्या घरी माणसं जास्त त्याला पाण्याच्या गुंड, म्हणजे घागरी, जास्त. संध्याकाळी मशीन उद्याचा क्रम पडद्यावर दाखवी, मराठीत, आणि सुजाता तो खडूनं चक्कीच्या दारावर लिही. पहिल्याच सकाळी भांडण झालं. नेहमीपेक्षा मोठं.

भांडण अगदी बरोबर होतं. धनराजची पाळी पहिली लागली होती, आणि तो कामठीहून पहिल्या बसनं यायच्या आत नळ अर्धा झालेला. संध्याकाळी सुजातानं चिंचोके मांडले आणि धनराजसाठी एक ओळ घातली: बस येईस्तोवर याची पाळी नाही. दुसऱ्या दिवशी गिरजाबाई आली. “मले भरलेली गुंड उचलत नाई. मले अर्धी अर्धी दोनदा पायजे.” ती ओळ घातली. मग बाळंतिणीच्या घराची ओळ आली. मग मयतीच्या घरी त्या दिवशी पहिली पाळी, ही ओळ आली. ती आधी कशी सुटली याचीच सुजाताला लाज वाटली. पाहुणा एक रात्र मुक्कामी राहिला तरच मोजायचा, ही ओळ सगळ्यांनी मिळून घालायला लावली, कारण नळाच्या वेळी पाहुणे फार येऊ लागले होते.

मग खोब्रागड्यांच्या दोघी जावा आल्या. एका भिंतीच्या दोन बाजूंना राहणाऱ्या, एकमेकींशी न बोलणाऱ्या. दोघी एकाच वेळी आल्या, पण वेगवेगळ्या.

“त्या बाईच्या मागं मले लावू नको,” थोरली म्हणाली.

“मले बी त्या बाईच्या मागं नको,” धाकटी भिंतीकडे बघत म्हणाली.

“पुढं चालते?” सुजातानं विचारलं.

“पुढं बी नको!” दोघी एकदम.

ती ओळ घातली आणि मशीननं जागा संपल्याचं सांगितलं. आधीच तिच्या मराठी अक्षरांनी अर्धी जागा खाल्ली होती. सुजातानं मशीनमध्ये त्याच्यासोबतच चढवलेला कामठीच्या बसचा खेळ पुसून टाकला, त्यातली काही अक्षरं या प्रोग्रामात वळवली, दोन ओळींच्या जागी एक केली. “बस मोडली अन् जावा बसवल्या,” म्हणाली.

मला हे सगळं पटत नव्हतं. मी तिला तसं तोंडावर सांगितलं. “तू टंचाई वाटून देते. लोक आपसात समाधानी झाले की नगरसेवकाच्या दारात कोण जाईल? तुझा प्रोग्राम म्हणजे अन्यायावर मलमपट्टी आहे.”

“बरं मंग,” ती म्हणाली. “तू नळ आण. मी प्रोग्राम मोडते. पण तू नळ आणेस्तोवर गिरजाबाईनं काय प्यावं, ते तुह्या पत्रकात लिहिलं काय?”

त्या आठवड्यात मी आणखी एक पत्रक काढलं. त्यातही ते नव्हतं. गल्ली भांडायची थांबली नाही, पण पहाटेचं भांडण संध्याकाळी चक्कीच्या दाराशी होऊ लागलं. हातात गुंड नसताना. फरक पडतो.

याच उन्हाळ्यात पुण्याच्या एका कंपनीचं तिला बोलावणं आलं. कंपनीची माणसं नागपुरात एका हॉटेलात मुलाखती घेणार होती. इंजिनिअरिंगची पदवी नसेल तर स्वतः केलेलं एखादं काम चालवून दाखवावं, अशी अट. पदवी हिच्याकडे नव्हती, चालणारं काम होतं. गांधीबागेतला मालक तिला म्हणाला होता, मुलींना याच्या वरची जागा नाही, पगार हाच राहील. ही मुलाखत गेली तर तिला आयुष्यभर त्याच पडद्याकडे बघत, मालकाच्या चहाच्या नजरा झेलत बसावं लागणार होतं. हे तिनं मला सांगितलं नाही. रामाजीबाबांनी सांगितलं, तेही कौतुकानं: “पोरगी पुण्याले जाईन म्हणते. जाऊ दे. मी आहे ना माह्या पेटीपाशी.”

मुलाखत सोमवारी होती. शुक्रवारी संध्याकाळी मी नळाच्या निवेदनावर बाबांची सही घ्यायला गेलो होतो. सुजाता कचेरीतून आली तेव्हा बाबा लहान मुलासारखे वाट बघत उभे होते.

“पोरी, तुही एक कॅसेट खराब झाली होती. म्या दुरुस्त केली.”

“कोणती?”

“तेच ती, काळी. दुपारी लावून पाह्यली तं निरा कर्रर्र, चींईं. गाणंच नाई. म्हटलं, पोरीनं पैसा टाकला, वाया काहून जावं. भरून देली पूर्ण. ऐक.”

त्यांनी बटण दाबलं. पेटीचा सूर आला, आणि मागून त्यांचा आवाज. ते स्वतः रचलेलं गाणं होतं, सुजाताच्या आईवर. ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. सुजातानंही ऐकलं नव्हतं, असं तिच्या तोंडावरून वाटलं.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कॅसेटच्या पाठीला दोन टोकांना प्लॅस्टिकच्या दोन चिमुकल्या पाकळ्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. सुजातानं त्या मोडलेल्या होत्या. पण आमच्याकडे मोडलेल्या पाकळीच्या जागी कागदाचा बोळा खुपसला की कॅसेट पुन्हा भरता येते, हे घराघरात माहीत आहे. बाबांनी तेच केलं होतं. टेपरेकॉर्डरच्या काचेतून मला बोळ्याचा रंग दिसला. गुलाबी.

गाणं संपेपर्यंत ती उभी राहिली. मग विचारलं, “दुसऱ्या बाजूनं काय हाये, बाबा?”

“ती बी खराबच होती. तिच्यावर बी भरलं. पाकळ्या मोडल्या होत्या, पण म्या कागद लावला बरोबर. मजबूत कागद हाये यायचा.” त्यांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं.

दुसऱ्या बाजूला प्रोग्रामची दुसरी प्रत होती. एकच चांगली कॅसेट, म्हणून दोन्ही प्रती तिच्याच दोन बाजूंवर. शिकल्यासवरलेल्या माणसानं एवढी चूक करावी, असं मला त्या वेळी वाटलं आणि तोंडावर आलंही असेल. मी बाबांना काही सांगायला पुढे झालो. सुजातानं माझा दंड धरला. जोरात धरला.

“आवाज चांगला आला, बाबा,” ती म्हणाली. “आईले आवडला असता.”

बाहेर आल्यावर तिनं मला दोनच वाक्यं सांगितली. “बाबाले कळलं नाई पायजे. कोणाकडूनच नाई.”

“मग सोमवारी काय दाखवशील?”

तिनं ओट्यावर बोटानं चौकटी आखायला घेतल्या. भुई पुसलेली, कॅसेट भरलेली, कागद नाही. तिच्या डोक्यात प्रोग्रामचा सांगाडा होता, पण त्या ओळी? त्या उन्हाळाभर एकेक करून आलेल्या, एकेकीच्या भांडणातून. त्या आठवताना तिला धनराज आठवला, गिरजाबाई आठवली, आणि पुढे गाडी अडली.

गल्लीत गोष्ट लपत नाही. लपवायची ठरवली तरच पसरते. शनिवारी दुपारी गुलाबराव तिच्या दाराशी आला आणि मोठ्यानं म्हणाला, “सुजाता, चक्कीचं मीटर कसं फिरते पाय जरा. तुह्या त्या डब्यासंगं ये.” बाबा आत पेटी वाजवत होते. सुजातानं मशीन उचललं, धनराजनं टीव्ही सायकलवर बांधला, आणि शनिवारची दुपार, दळणाची भर वेळ, गुलाबरावनं चक्कीचं दार अर्धं ओढून घेतलं. पिठाच्या पोत्यांमध्ये बाया आधीच बसल्या होत्या.

“सांग,” गिरजाबाई म्हणाली. “मही ओळ मी सांगते. अर्धी अर्धी दोनदा.”

प्रत्येकीला स्वतःची ओळ पाठ होती. का नसावी? भांडून मिळवलेली होती. आणि दुसरीची ओळ तर त्याहून पाठ होती. जाधवांची सून म्हणाली, “आमच्या घरी सात मानसं.” लगेच मागून आवाज आला, “माय वं! सात कवापासून? पाच होती पाच!”

“दोन पाहुणे हायेत.”

“रात्री राह्यले काय?”

“राह्यले ना.”

“खोटं! काल बसनं गेले, मी पाह्यलं!”

सुजातानं पाच लिहिलं. मी पोत्यावर बसून हे बघत होतो. आमच्या मंडळाची कार्यकारिणीही इतका काटेकोर ठराव करत नाही.

सगळ्यात शेवटी जावा राहिल्या. थोरली दाराच्या या बाजूला, धाकटी त्या बाजूला. सुजातानं हात थांबवले. “तुमची ओळ काय होती?”

थोरली पदराला गाठ मारत राहिली, धाकटी भिंतीवरचं पीठ खरवडत राहिली. गुलाबराव म्हणाला, “बोला ना बाप्पा, पीठ थंड होऊन राहिलं.”

“तिले विचार,” थोरली म्हणाली.

“तिलेच विचार. मोठी ती हाये,” धाकटी म्हणाली.

“मागं नको, पुढं बी नको,” थोरली जमिनीकडे बघत म्हणाली. “मधात एक तरी घर पायजे.”

“हो. तसंच होतं,” धाकटी म्हणाली.

गिरजाबाई कपाळाला हात लावून म्हणाली, “बारा वर्सांनी दोघींचं एका गोष्टीवर जमलं. तेबी याच्यावर.”

सगळं चक्कीत पुन्हा एकदा चालवून पाहिलं. चिंचोके नव्हते म्हणून गहू मांडले. मग सुजातानं गुलाबरावचा टेपरेकॉर्डर जोडला आणि सवयीनं ओरडली, “टेप लागली!” चक्की शेजारीच होती आणि बंद होती. तरी गुलाबराव हाताची घडी घालून खटक्यापासून दोन हात लांब जाऊन उभा राहिला. या वेळी दोन वेगळ्या कॅसेटी भरल्या. दोन्हींच्या पाकळ्या मोडल्या. एक गुलाबरावच्या गल्ल्यात ठेवली.

सोमवारी टीव्ही मी नेला. सायकलवरून, रामदासपेठेपर्यंत. हॉटेलच्या दरवानानं मला मागच्या दारानं यायला सांगितलं. मी पुढूनच गेलो, हे इथे लिहून ठेवतो. आत तिघे साहेब होते आणि दार नीट लागत नव्हतं, म्हणून ऐकू आलं.

प्रोग्राम चालला. एकानं विचारलं, हे पगारपत्रकासाठी का नाही केलं, उपयोग झाला असता. दुसऱ्यानं विचारलं, लग्नाचं काय. मी दारातून आत जाणार होतो. तिसरा बहुतेक ओळीच वाचत बसला असावा. तो म्हणाला, “ही अट कशासाठी? ही दोन घरं कधीच लागोपाठ येऊ नयेत?”

“त्या जावा आहेत, सर. बोलत नाहीत.”

“मग समेट झाला तर?”

“ओळ काढून टाकीन.”

“आणि नाही झाला तर?”

“जागा कमी पडते आहे, सर. पण ती ओळ राहील.”

बराच वेळ हसण्याचा आवाज आला आणि मग प्रश्नच प्रश्न. मुलाखत लांबली. गिरजाबाईची अर्धी गुंड, धनराजची बस, सगळ्यांची चौकशी झाली. माझ्या पत्रकांवर कोणी इतके प्रश्न कधी विचारले नाहीत.

तिची निवड झाली. पत्र आल्यावर तिनं मशीन धाकट्या जावेला दिलं आणि टेप लावायला, आवाज किती ठेवायचा ते शिकवलं. दुसऱ्या नळाचा पाइप अजून तिथेच आहे. कुत्री बदलली. चक्कीच्या दारावर रोज संध्याकाळी खडूनं क्रम लिहिला जातो, आणि ‘टेप लागली’ ही हाक आता धाकटीच्या आवाजात येते.

ती गेली त्या दुपारी रिक्षा दारात उभी होती. बाबा आत तिच्या शिदोरीच्या डब्याला फडकं बांधत होते. आपण कॅसेट दुरुस्त केली म्हणूनच पोरगी पुण्याला लागली, असं त्यांनी साऱ्या गल्लीला सांगितलं होतं, आणि गल्लीनं माना डोलावल्या होत्या. सुजाता ओट्यावर बसली होती. मांडीवर ती काळी कॅसेट. तिनं केसातली पिन काढली, कॅसेटच्या पाठीतला बोळा टोकरून काढला, मग दुसऱ्या टोकाचा. बोटानं पाहिलं, दोन्ही खिडक्या आता मोकळ्या होत्या. कॅसेट डबीत घातली, डबी साडीत गुंडाळली, साडी ट्रंकेत तळाशी ठेवली.

“काय करून राहिली वं?” बाबांनी आतून विचारलं.

“काही नाई, बाबा. सामान लावून राहिली.”

मग तिनं ते दोन गुलाबी बोळे माझ्या हातावर ठेवले.

“घे गा,” ती म्हणाली. “तुह्यं पत्रक.”